मारुती कुठवर?

पावसाळा लागला की आमच्या घरचा फोन माझ्या नवऱ्याचा, ढुंढिराजांचा व्हायचा. अजून तो जुना, वायरचा फोन आहे, आणि त्याचा नंबर आमच्या नातेवाइकांपेक्षा पंचवटीतल्या लोकांना जास्त पाठ. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की मी माझ्या बहिणीशी चाललेलं बोलणं आवरतं घेऊन रिसीव्हर ठेवायची, कारण आता घरात दुसरं काही चालणार नाही हे ठरलेलं. पलीकडून कोणी 'हॅलो'सुद्धा म्हणत नसे. सरळ विचारायचे, "काका, मारुती कुठवर?"

बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. चांगला उंच, शेंदरी, एक तोंड पुढे आणि एक मागे. गंगेला पूर किती आला हे आम्ही आकड्यांत मोजत नाही, त्याच्या अंगावर मोजतो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, त्याला इलाज नाही.) घोट्याला पाणी लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलवायच्या. गुडघ्याला लागलं की गाड्या काढायच्या. कमरेला लागलं की वाघाडी नाल्याच्या काठच्यांनी घर रिकामं करायचं, आणि छातीला म्हणजे सराफ बाजाराची पाळी. टीव्हीवरचे विसर्गाचे आकडे ऐकून कोणी जागचं हलत नाही. 'कमरेला लागलं' म्हटलं की पंचवटी उठते.

माझ्या नवऱ्याचा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेला, कंट्रोल रूममध्ये, भिंतभर काट्यांसमोर बसून. काटा हलला की फोन उचलायचा, हे काम. रिटायर झाल्यावर भिंत गेली, खोड राहिली. मग त्यांनी मारुती धरला. पाऊस लागला की छत्री घ्यायची, गल्ली उतरून काठावर जायचं, मारुती बघायचा आणि परत येऊन फोनपाशी बसायचं. अंदाजाने कधी बोलले नाहीत. 'मघाशी गुडघ्याला होता, आता असेल कमरेजवळ' असं उत्तर त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. शंका आली की पुन्हा छत्री. मी त्यांना मारुतीचे पीए म्हणायचे. त्याचा त्यांना राग येत नसे, उलट मनातून बरंच वाटत असावं.

सगळ्यात जास्त फोन सरुबाईचे. आमच्या गल्लीच्या मागे उतार आहे, त्या उताराच्या तळाशी, वाघाडीच्या काठाला तिचं दोन खोल्यांचं घर होतं. पहाटे गणेशवाडीहून फुलं आणायची, दिवसभर हार ओवायची, आमच्या देवांसाठी रोज एक पुडी दाराच्या कडीला अडकवून जायची. तिचा नवरा निवृत्ती सातपूरच्या एका वर्कशॉपात कामाला होता. तिथे पाठीवर लोखंड पडलं आणि कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हापासून तो खाटेवर. म्हणून सरुबाईला बाकीच्यांच्या आधी कळणं भाग होतं. इतरांना डबे आणि गाद्या उचलायच्या असत. तिला माणूस उचलायचा असे, आणि त्यासाठी आधी चार माणसं गोळा करावी लागत. पाणी कमरेच्या जवळ सरकायला लागलं की तिने विचारायच्या आत ढुंढिराज तिला कळवायचे. इतक्या वर्षांत, इतक्या पुरांत, निवृत्तीची खाट एकदाही ओली झाली नव्हती. याचा आमच्या घरात जरा गर्वच होता. मलाही होता.

मृण्मयी आमची एकुलती एक. शहरं आखायचं शिक्षण घेऊन ती इथल्याच एका छोट्या सल्लागार कंपनीत लागली होती. सिंहस्थ जवळ आला तशी सगळीकडे कामं निघाली, आणि तिच्या कंपनीकडे आला तो चालण्याचा मार्ग. म्हसरूळकडच्या कॉलन्यांपासून वाघाडीच्या कडेकडेने खाली गंगेपर्यंत, आणि तिथून घाटाला धरून तपोवनापर्यंत. सलग, सावलीचा, गाड्या नसलेला. तिचं म्हणणं असं, की या शहरात नदी सगळ्यांची आहे पण नदीपर्यंत धड चालत कोणाला जाता येत नाही. फूटपाथ आहेत त्यांवर गाड्या लावलेल्या, आणि गाड्या नाहीत तिथे फूटपाथ नाही. नाला तर लोकांनी नाक दाबून ओलांडायची गोष्ट करून टाकलेली. त्याच नाल्याच्या काठाने झाडं लावत गेलं तर कॉलनीतली आजी आणि शाळेतलं पोर दोघंही गंगेवर पायी येतील.

तो अख्खा उन्हाळा बापलेक उन्हात हिंडले. ढुंढिराज टोपी घालून पुढे, ही मागे. सावली कुठे संपते, म्हातारी माणसं कुठे दम खायला टेकतात, बायका कुठून यायला घाबरतात, सगळं विचारत जायची. एक जुना उंबर वाटेत येत होता, तर तिने उंबर ठेवला आणि वाट वाकवली. संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर वाघाडी पसरायची आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. मी कुरकुर करायची, पण खरं सांगते, इतकं चांगलं घर आमचं कधीच नव्हतं.

एक दिवस ती सरुबाईकडे गेली आणि परत आल्यावर जेवेना. निवृत्ती तिला म्हणाला होता, "पोरी, गंगा इथून केवढी लांब? हाकेवर हाय. पन पडलो तवापासून बघितली नाय बघ." सहा-सात वर्षं. पाण्याचा आवाज कानावर, आणि पाणी दृष्टीस नाही.

"आई," ती म्हणाली, "त्याच्या दारातून चाकाची खुर्ची गंगेपर्यंत गेली नाही, तर बाकीचा मार्ग मी करू तरी कशाला?"

आमच्या मुलीचं हे असं. शहराचं काम घ्यायचं आणि शेवटी एका माणसावर येऊन बसायचं. पण त्या दिवसापासून घरात आम्ही तिघंही त्या मार्गाला 'निवृत्तीची वाट' म्हणायला लागलो.

तिची मूळ आखणी मला तिने टेबलावर दाखवली होती. दोन वाट्या पालथ्या घातल्या, त्यांवर फूटपट्टी ठेवली. फूटपट्टी म्हणजे वाट, खांबांवर उचललेली. खालून नाला मोकळा. आणि नाला गंगेला मिळतो तिथे रुंद पायऱ्या, पाणी आलंच तर पसरायला जागा. मला त्यातलं काही कळत नाही, मी जन्मभर बँकेच्या काउंटरमागे बसले, पण दोन वाट्या मला कळल्या.

दिवाळीनंतर महापालिकेच्या साहेबांपुढे बैठक झाली. त्यांचं म्हणणं, खांब महाग, खांबांना वेळ लागतो, सिंहस्थाच्या आत काम उरकायचं आहे. नाल्याच्या काठाने भराव टाका, दगडी भिंत बांधा, त्यावरून वाट न्या. नाल्याच्या तोंडाशी पाइप टाकून वरून पूल करा, त्यावर हिरवळ छान दिसेल. हे जमत नसेल तर वाघाडीचा तुकडा काढून टाका, नुसता घाट करा. नुसता घाट म्हणजे निवृत्ती पुन्हा खाटेवर.

मृण्मयी घरी आली ती चप्पल न काढता टेबलाशी बसली. म्हणाली, "तोंड बंद करायचं तर पाण्याचा नव्याने अभ्यास करायला हवा. साहेब म्हणतात तेवढा वेळ नाही, स्थानिक माहिती असेल ती घ्या." मग बापाकडे वळली. "बाबा, वाघाडीत पाणी चढतं ते नक्की कधी?"

"मारुतीच्या कमरेला लागल्यावर," ढुंढिराज म्हणाले. "गंगा फुगली की ती नाल्याला आत घेत नाही. मग नाला मागे सरतो. त्याच्या आधी नाही."

"नक्की?"

"लहानपणापासून बघतोय. तुझ्या बापाने कधी अंदाजाने सांगितलंय?"

तिने पेन्सिल घेतली आणि मारुतीच्या कमरेची पातळी नकाशावर धरून, तिच्या वर हातभर उंचीने वाट नेली. निवृत्तीच्या दारापासून त्या वाटेवर चढायला एक सौम्य उतार काढला, खुर्चीला धाप लागणार नाही असा. मी आमटी गरम करून आणली. मला वाटलं, बापाने आयुष्यभर जे बघितलं ते लेकीच्या कागदावर उतरलं, याहून आणखी काय पाहिजे. खरंच तसं वाटलं. आज ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

रात्रंदिवस काम चालवून थंडी सरतासरता वाट सुरू झाली. फुगे, फीत, भाषणं झाली. ती मंडळी गेल्यावर संध्याकाळी आम्ही आमचं उद्घाटन केलं. सरुबाई खुर्ची ढकलत होती, मृण्मयी तिच्या शेजारून चालत होती, आम्ही दोघं मागे. दोन्ही बाजूंना कंबरेएवढी करंजाची आणि ताम्हणाची रोपं होती. उंबराखाली निवृत्तीने खुर्ची थांबवायला सांगितली आणि वर बघितलं. मग गंगा आली. तिथे पाण्यापर्यंत उतरता येईल असं सपाट केलं होतं. निवृत्तीचा वाकून हात पाण्याला लागेना, म्हणून सरुबाईने ओंजळीत पाणी आणून त्याच्या पावलांवर ओतलं. त्याला ते पाणी जाणवलं नसणार. तरी तो बराच वेळ पावलांकडे बघत होता. ढुंढिराजांनी तोंड फिरवून चष्मा पुसला आणि मृण्मयी चक्क हुंदके देऊन रडली.

त्यानंतर निवृत्ती घरात सापडेना. सकाळी सरुबाई त्याला उंबराखाली बसवून जायची, तो तिथेच हार ओवायचा, तिथेच विकायचा. चालायला येणारी माणसं त्याच्याशी गप्पा मारायची. कुठल्याशा कॉलनीतल्या डॉक्टरीणबाई रोज त्याच्याकडून गजरा घ्यायच्या. त्याचा आवाजसुद्धा मोठा झाला. "वयनी, आज चाफा हाय, घिऊन जा," असं तो मला लांबूनच हाक मारून सांगायचा. त्या पाच-सहा महिन्यांत मी वाटेवरून रोज चालले. माझे गुडघे म्हणाल तर सुधारले.

श्रावणातला सोमवार होता. नेहमीचा आमचा पूर येतो तो त्र्यंबककडून. तिकडे पाऊस, मग धरण, मग गंगा. त्या दिवशी त्र्यंबकला फार नव्हतं. पाऊस आमच्याच डोक्यावर होता, म्हसरूळच्या डोंगरावर, सकाळपासून, श्वास न घेता. धरणातून थोडंसंच पाणी सोडलं होतं. दुपारी ढुंढिराज छत्री घेऊन जाऊन आले. "गुडघ्याच्या खाली," म्हणाले, आणि फोनपाशी बसले. मी तिथेच खाली बसून घेवडा मोडत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

सरुबाईचा फोन आला. तिचा आवाज नेहमीच एवढा मोठा असायचा की रिसीव्हरबाहेर येई. "दादा, मारुती कुठंशी हाय? नाल्याचा आवाज लय येतोय आज."

"गुडघ्याच्या खाली आहे. आत्ताच बघून आलो. निवांत राहा."

"मंग मी हार पोचवून येऊ का? सोमवार हाय ना, कपालेश्वराला मोठी ऑर्डर हाय. हे झोपल्यात."

"ये जाऊन. कमरेला लागायला पुष्कळ अवकाश आहे. मी बघतोच आहे."

आणि ते खरंच बघत होते. फोन ठेवला आणि लगेच पुन्हा छत्री घेऊन निघाले.

नाल्याच्या तोंडाशी घातलेल्या पाइपांत फांद्या, थर्मोकोल, निर्माल्याच्या पिशव्या, काय काय अडकलं. म्हसरूळहून आलेल्या पाण्याला गंगेत जायला वाट उरली नाही. गंगा तर खाली होती, तिला काही घेणंदेणं नव्हतं. पाणी नाल्यात चढलं, वरच्या अंगाला वाट ठेंगणी होती तिथून आत शिरलं, आणि भरावामागच्या घरांवर आलं. आता त्याला परत नाल्यात जाता येईना, कारण मध्ये भिंत. घरं आणि भिंत यांच्यामध्ये ते बादलीत साठावं तसं साठलं. शेजारचे लोक पोरंबाळं घेऊन उतारावर पळाले. कोणीतरी निवृत्तीच्या दाराला धडका दिल्या, पण आतून पाण्याने दार दाबून धरलं होतं. दाराबाहेर ठेवलेली त्याची खुर्ची नंतर उताराच्या पायथ्याशी सापडली, जिथून ती वाटेवर चढायची तिथेच.

त्या वेळी ढुंढिराज काठावर उभे होते, मारुतीकडे तोंड करून, नाल्याकडे पाठ करून. पाणी मारुतीच्या गुडघ्याच्या खालीच होतं. मागून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा त्यांना वाटलं, कोणी घाटावर घसरून पडलं.

सरुबाई रिकामी पाटी घेऊन परत आली. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

मृण्मयी दुसऱ्या दिवशी चिखलातून फिरली. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, ती रेघ धरून हाताने चाचपत ती तोंडापर्यंत गेली आणि तशीच परत आली. टेबलाशी बसली. म्हणाली, "बाबा, ते माप तोंड उघडं होतं तोवरचं होतं. तोंड बंद केल्यावर मारुतीचा आणि वाघाडीचा काही संबंधच उरला नाही. हे मला कळायला हवं होतं. तुम्हाला नाही, मला."

"मला विचारलं होतंस," ढुंढिराज म्हणाले. "मी हो म्हणालो."

"शिकलेली मी आहे."

"फोनवर मी होतो."

हॉटेलात बिलासाठी दोघांनी भांडावं तसे ते दोघं तो अपराध आपापल्याकडे ओढत होते, आणि मला दोघांच्याही थोबाडीत माराव्याशा वाटत होत्या. एवढी हुशार माणसं. एकाने जन्म काट्यांसमोर काढलेला, दुसरीने जन्म नकाशांसमोर. मारुती तोच राहणार होता, पण नाला तोच राहणार नव्हता, ही एवढी गोष्ट त्या टेबलावर एकालाही सुचू नये? मी किंचाळले तसं. त्यानंतर आमच्या घरात फारसं कोणी बोललेलं नाही.

असाधारण पाऊस, असं कागदावर आलं. पाइप साफ केले. 'धोका, पाण्याजवळ जाऊ नये' असा फलक लावला. एक भोंगा बसवणार म्हणून खांब उभा केला, त्याला अजून वायर जोडलेली नाही. मृण्मयीने भिंत फोडून तोंड मोकळं करा म्हणून साहेबांच्या केबिनबाहेर दिवसच्या दिवस काढले. ते म्हणाले, सिंहस्थानंतर बघू. मग त्या वाटेला कुठलंसं बक्षीस मिळालं. मुंबईला समारंभ होता, आमंत्रणावर हिचंही नाव होतं. ही गेली नाही. महिन्याभरात नोकरी सोडून पुण्याला गेली. तिथे मोठ्या सोसायट्यांच्या आतल्या बागा आखते. तिथलं पाणी नळातून येतं आणि बंद केलं की बंद होतं, असं ती मला फोनवर म्हणाली.

सगळ्यात वाईट म्हणजे वाट चांगली आहे. करंज डोक्यापर्यंत आले, ताम्हणाला जांभळी फुलं आली. कॉलनीतल्या आज्या येतात, शाळेतली पोरं येतात, सगळं मृण्मयी म्हणाली होती तसंच. संध्याकाळी तिथे इतकी माणसं असतात की उंबराखालची ती एक जागा रिकामी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मी त्या वाटेने जात नाही. मुख्य रस्त्याने, गाड्यांच्या मधून, धूळ खात जाते. गुडघे पुन्हा धरले आहेत.

सरुबाई भावाकडे पिंपळगाव बसवंतला गेली. तिथे एका पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडते. चैत्रात एकदा ती आमच्या दाराशी उभी राहिली. हातात शेवंतीची पुडी. मी तिला आत घेतलं. ती सोफ्यावर बसेना, खाली फरशीवरच टेकली. ढुंढिराज आतल्या खोलीतून बाहेर येईनात. मी दोनदा हाक मारली, तेव्हा आले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

हिने शिव्या द्याव्यात, असं मला वाटत होतं. मनापासून वाटत होतं. कडाकडा बोटं मोडावीत, पुडी तोंडावर फेकावी, माझा माणूस खाल्ला तुम्ही म्हणावं. म्हणजे आम्हाला काहीतरी मिळालं असतं, निदान मान खाली घालता आली असती.

ती म्हणाली, "दादा, तुमी खोटं नाय सांगितलं. तेवढं सांगाया आले. मी हार घिऊन जाताना सोता बघितलं. गुडघ्याच्या खालीच व्हता. म्हनून तर म्होरं गेले, नायतर फिरले असते."

ढुंढिराज भिंत धरूनच खाली बसले.

"तेच मला कळंना बगा. तुमी बी खरं बोलले. त्यो बी खरा, हाय तिथंच उभा हाय. पोरीनं बी आमच्यासाठीच केलं, ह्ये बी खरं." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग पान्याचं आता कुनाला इचारायचं, दादा?"

तिने खरंच विचारलं होतं. ती उत्तराची वाट बघत बसली. मी चहा केला, तो तिने घेतला. उत्तर मिळालं नाही तेव्हा उठली, पुडी देवाजवळ ठेवली आणि पिंपळगावची गाडी पकडायला गेली.

हा पावसाळा लागला तसे सुरुवातीला फोन आले. वाघाडीच्या काठची बाकीची घरं अजून तिथेच आहेत, ती माणसं जाणार कुठे? ढुंढिराज फोनकडे बघत बसायचे आणि तो वाजून वाजून थांबायचा. कधी मी उचलून "घरी नाहीत" म्हणायचे. हळूहळू लोकांना कळलं. आषाढ सरेपर्यंत फोन येणं बंद झालं.

काल सकाळपासून पाऊस जोरात होता. दुपारी फोन वाजला. मृण्मयी होती. पुण्याला कॉलेजात गेली होती तेव्हापासून दर पावसाळ्यात, पुढे इथल्या ऑफिसातूनसुद्धा, ती फोन करून बापाला एकच प्रश्न विचारायची. मागच्या श्रावणापासून तिने तो विचारला नव्हता. "आई, बातम्यांत दाखवतायत," ती म्हणाली. "तोंड अजून बंदच आहे ना गं? बाबांना दे."

मी रिसीव्हर पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण कानापासून लांब धरला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बाबा, मारुती कुठवर?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी गेलो नव्हतो."

फोन त्यांनी नीट ठेवला आणि खुर्चीत बसले. दाराशी टेकवलेल्या छत्रीतून पाणी गळत होतं. पायजमा पोटऱ्यांपर्यंत भिजलेला होता आणि दारापासून खुर्चीपर्यंत चिखलाची पावलं उमटली होती. मी फडकं आणलं आणि फरशी पुसून घेतली.